झबल्यासाठी घातलेला शर्ट

सिगारेट सोडण्याचा माझ्याइतका अनुभव असलेला माणूस देवराज मोहल्ल्यात सापडणार नाही. लोक एकदा सोडतात आणि मोकळे होतात. मी इतक्या वेळा सोडली की सोडण्याचा सगळा समारंभ मला पाठ झाला होता. पाकीट चुरगाळायचं, लायटर कुणाला तरी देऊन टाकायचा, घरी येऊन जाहीर करायचं, आणि बायकोनं मान वर न करता 'बरं' म्हणायचं. पहिल्या वेळी ती खूश झाली होती, देवापुढं साखर ठेवली होती. नंतर नुसती हसायची. पुढं पुढं तेही बंद झालं आणि 'बरं' तेवढं राहिलं.

मी शिंपी आहे. बाजारामागच्या गल्लीत वडिलांच्या वेळचं दुकान आहे, त्यात मी कापतो आणि मशीन मारतो, बायको हुक, काज, फॉल असलं हातकाम करते. आमचे लोक म्हैसुरात कधी आले आणि कुठून आले यावर समाजाच्या प्रत्येक लग्नात वाद होतो आणि जेवणाची पंगत बसली की मिटतो. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि राग आला की जी भाषा आधी तोंडात येईल ती, असा आमचा कारभार. सिगारेट मी दुकानात कधी ओढली नाही. कापडाला वास लागतो, गिऱ्हाईक तोंड फिरवतं. कोपऱ्यावरच्या पेट्टी अंगडीपाशी, म्हणजे पेटीएवढ्या पान-विडीच्या टपरीपाशी, उभं राहून ओढायची, चूळ भरायची आणि परत मशीनवर बसायचं. यात कुणाला काही कळत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

सोडण्याचे प्रकार मी सगळे करून पाहिले. एकदा एकादशीच्या भजनानंतर आमच्या समाजाच्या देवळात विठ्ठलासमोर हात जोडून शपथ घेतली. ती मोडल्यावर देवळात जायचीच चोरी झाली. कित्येक महिने मी रस्त्यावरूनच, चपला न काढता, खाली बघत नमस्कार करून सटकायचो. सिगारेट राहिली आणि देव सुटला. मग एकदा कुणीतरी सांगितलं म्हणून खिशात वेलदोडे बाळगले. तलफ आली की वेलदोडा चावायचा. थोड्याच दिवसांत सिगारेटही सुरू झाली आणि वेलदोडेही सुटेनात. मुलीच्या लग्नात तर मी तिला शब्दच दिला होता, आहेर म्हणून. तो शब्द वरात गेली त्याच संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला धुरात गेला.

दर वेळी मी त्यातून एकच निष्कर्ष काढायचो, की आपल्यात दम नाही. आणि दम नाही असं एकदा ठरवलं की शोधण्यासारखं काही उरतच नाही. एक ओढली म्हणजे सगळं मोडलंच, मग पाकीटच घ्यायचं. पुन्हा सोडेपर्यंत डोकं शांत.

मुलगी कृष्णराजनगरला दिली आहे. तिथल्याच शाळेत शिकवते. तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात ती चार दिवस राहायला म्हणून आली. मी दुकानातून घरी पोचलो तेव्हा ती पुढच्या खोलीत बसली होती. मी चूळ भरलेली, वेलदोडा चावलेला, सगळं यथासांग. ती हसत उठली, जवळ आली आणि तोंडावर हात दाबून मोरीकडं पळाली. मला वाटलं, तिसरा महिना आहे, व्हायचंच. बायकोनं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा जरा शंका आली.

संध्याकाळी कॉफी पिताना मुलगी म्हणाली, "अप्पा, मी बाळंतपणाला इथं येणार नाही. तिकडंच करते."

"अय्यो, असं कसं?" बायको म्हणाली. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तुझ्या सासूबाई काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. मला हा वास सोसत नाही. माझं जाऊ दे, तान्ह्या पोराला कशाला हवा? डॉक्टर पण बेडवे बेडा म्हणाल्या, अजिबात नको."

"मी घरात ओढत नाही," मी म्हणालो.

"घरात ओढत नाही अप्पा, पण घरात येता ना?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मीही आवाज चढवला असता आणि प्रकरण तिथंच संपलं असतं. तिनं हे सगळं अगदी शांतपणे, वर्गातल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत गेली. चार दिवसांचे कपडे घेऊन आली होती, ते घडीसुद्धा न मोडता गेले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून मी कोपऱ्यावर जाऊन एक ओढली, हेही सांगितलं पाहिजे.

माहेरी येणार नाही म्हणाली तरी बायकोनं बाळाची तयारी थांबवली नाही. आमच्या घरात एक पद्धत आहे. लेकीच्या पहिल्या बाळाचं पहिलं झबलं आजोबाच्या शर्टाचं शिवायचं. नव्या कापडाला खळ असते, ते तान्ह्याच्या अंगाला टोचतं. अंगावर घालून, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापडच लागतं. शिलाईसुद्धा बाहेरच्या बाजूला ठेवायची, आत नाही. बटण नको, बंद लावायचे. शिंप्याचं घर म्हटल्यावर आजोबानं ते स्वतःच्या हातानं कापून द्यायचं. माझं झबलं माझ्या आईच्या वडिलांच्या शर्टाचं होतं, माझ्या मुलीचं माझ्या सासऱ्यांच्या.

तर बायकोनं कपाटातून माझे जुने सुती शर्ट काढले. धुतले, उन्हात वाळवले, धुतलेल्याला कसलाच वास नव्हता. मग ती इस्त्री करायला बसली. इस्त्रीची वाफ लागली की कपडा सगळं बोलतो, हे आम्हा धंद्यातल्या लोकांना ठाऊक असतं. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर कळतं, गिऱ्हाईक तेल-तुपाचं दुकान चालवत असेल तर कळतं. पहिल्या शर्टावर इस्त्री फिरली आणि तिनं पदर नाकाला लावला, म्हणाली, खोलीभर शिळा धूर. तिनं दुसरा घेतला. मग तिसरा. मी दारात उभा राहून बघत होतो. तिनं एकेक शर्ट इस्त्री करून, हुंगून, घडी घालून बाजूला ठेवला आणि शेवटी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"एकही नाही," ती म्हणाली.

"परत धुऊ या की. सोडा घालून."

"चामुंडीच्या डोंगराएवढा सोडा घाला. वास धाग्यात गेलाय."

मला खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण तिच्याआधी दुसरंच काहीतरी वाटलं. मी ते शर्ट पुन्हा एकेक करून नाकाला लावले. मला वास येत नव्हता! बायकोला खोलीभर येतोय, मुलीला ओकारी येतेय, आणि ज्या नाकानं मी रेशमात नायलॉन मिसळलंय का ते धागा जाळून ओळखतो, त्या नाकाला स्वतःचा शर्ट कळत नाही. हे काय आहे? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सिगारेटबद्दल कुतूहल वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या मलमलचा एक तुकडा घेतला आणि स्वतःसाठी फुल शर्ट कापला. हिशेब सरळ होता. बाळाच्या झबल्याला मऊ कापड हवं, मऊ व्हायला कापड अंगावर राहायला हवं, आणि अंगावर असताना त्या अंगानं सिगारेट ओढायला नको. मुलगी येवो न येवो, झबलं माझ्याच शर्टाचं जाणार. बायकोला सांगितलं तर तिनं नेहमीसारखं 'बरं' म्हटलं, पण या वेळी मान वर करून.

शर्ट रोज धुवायचा आणि रोज घालायचा. रात्री धुतला की सकाळी वाळायचा, मलमलचा तो फायदा. पहिले काही दिवस खूप वाईट गेले. गिऱ्हाइकांवर खेकसलो, एका ब्लाऊजची बाही उलटी जोडली, बायकोशी दोन दिवस कन्नडातच बोललो. ही पायरी माझ्या ओळखीची होती. इथून पुढं मी नेहमी कधीतरी, कुठंतरी पडायचो. कुठं ते मला माहीत नव्हतं.

मग एक दिवस बँकेतून रिटायर झालेले बँकवाले आले. आमचे जुने गिऱ्हाईक, बोलके गृहस्थ. पँट घेऊन आले, मांडीच्या शिवणीत उसवलेली. मी म्हणालो, "ही मागंच शिवून दिली होती."

"त्याच्या मागं पण दिली होतीत," ते हसत म्हणाले. "दोरा चांगला वापरा की हो."

दोरा चांगलाच होता. मी त्यांना विचारलं, "सर, तुम्ही स्कूटरवर बसता कसे? जरा करून दाखवा."

ते दुकानासमोर गेले आणि दाखवलं. पुढं पाय ठेवायच्या जागेत त्यांच्या नातवाचं दप्तर आणि भाजीची पिशवी असते, म्हणून ते सायकलवर बसल्यासारखी मागून टांग टाकतात. तिथंच शिवण जाते. मी आत त्रिकोणी जोड घालून दिला. ते गेल्यावर बायको काज करता करता म्हणाली, "एकाच जागी दोनदा उसवलं की तुम्ही गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारता. स्वतःला कधी विचारलंत?"

ती सुम्ने, उगीच आपलं, बोलून गेली, चिमटा काढायचा म्हणून. मी मात्र त्यावर विचार करत बसलो. खरंच, मी कधी विचारलं नव्हतं. मी दर वेळी नवीन कापड आणून, नवीन शपथ घेऊन, त्याच मापानं तसंच शिवत होतो.

तेव्हापासून मी तलफेकडं लक्ष द्यायला लागलो. ती आली की आधी घाबरून मी काहीतरी चावायला शोधायचो. आता म्हटलं, बघू तरी, ही येते कुठून. आणि ती छातीत येते असं मी आयुष्यभर समजत होतो, ती आधी उजव्या हाताच्या बोटांत येते असं दिसलं. बोटं आपोआप खिशाकडं जातात, मग घसा कोरडा होतो, आणि सगळ्यात शेवटी डोक्यात विचार येतो की 'आता ओढावी'. म्हणजे डोक्याला बातमी सर्वांत उशिरा लागते आणि निर्णय आपण घेतला असं तेच समजतं. मला याची गंमत वाटली. आणि ती थांबते किती वेळ? मला वाटायचं, ओढल्याशिवाय जातच नाही. कधी थांबून पाहिलंच नव्हतं. एकदा पायजम्याची लांब शिलाई ओढत होतो तेव्हा आली. म्हटलं, ही शिलाई संपेपर्यंत बघू. शिलाई संपली तेव्हा मी कापडच बघत होतो, ती कधीच गेली होती. जाताना सांगूनही गेली नाही.

बँकवाले पँट न्यायला आले तेव्हा मी त्यांना विचारलं. त्यांनी फार वर्षांपूर्वी सोडली आहे हे मला माहीत होतं. "सर, तुम्हाला शेवटची तलफ कधी आली?"

"आज सकाळी," ते म्हणाले. "तुमच्या कोपऱ्यावर एकजण ओढत उभा होता."

"इतक्या वर्षांनी?"

"येते, जाते. नोडी, हे बघा, ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला म्हणून आपण त्याला घरी आणतो का?"

दुसऱ्या कुणाला हे ऐकून निराशा आली असती. मला बरं वाटलं. इतके दिवस मी तलफ कायमची बंद होण्याची वाट बघत होतो आणि ती आली की म्हणायचो, झालं, आपल्याला जमलं नाही.

असं सगळं छान चाललं होतं. नाकसुद्धा परत यायला लागलं. पहाटे बाजारातून मोगऱ्याची टोपली चाललेली मला न बघता कळायची. एकदा तर कॉफीच्या डिकॉक्शनचा वास घेत मी इतका वेळ बसलो की कॉफी थंड झाली आणि बायको म्हणाली, "पिणार आहात की पूजा करणार?" शर्ट मऊ पडत होता. कॉलरपाशी, खांद्यावर तर अगदी लोण्यासारखा. मुलीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. आधी इतक्यांदा सांगून झालं होतं की आता सांगायची हिंमत नव्हती.

सातव्या महिन्यात तिच्या सासरी डोहाळजेवण होतं. कृष्णराजनगरला सगळे त्याला सीमंतच म्हणतात. हिरव्या साडीवरचा ब्लाऊज मी शिवला होता. अशा दिवसांत माप रोज बदलतं. मी अंदाजानं शिवण सोडली होती आणि तो बेतशीर बसला. विहीणबाईंनी चार बायकांना बोलावून दाखवला. जेवण छान झालं, ओट्या भरल्या. मी तिच्याजवळ बसलो, तोच मलमलचा शर्ट घालून, आणि ती उठून गेली नाही. एकदा माझ्याकडं जरा निरखून पाहिलं एवढंच. विहीणबाईंनी विचारलं, "मग बाळंतपणाला म्हैसूरच ना?" तेव्हा ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. मला आतून इतकं हलकं वाटलं, काय सांगू.

परतताना बायको विहीणबाईंनी दिलेल्या डब्यांची बांधाबांध करत मागं राहिली आणि मी पुढं होऊन बसस्टँडवर आलो. संध्याकाळचं ऊन भाताच्या खाचरांवर पडलं होतं. वारा सुटला होता. आयुष्यात सगळं जागच्या जागी आहे असं वाटत होतं. मी टपरीवर गेलो, एक सुटी सिगारेट घेतली आणि पेटवली. कुणाशी भांडण नाही, दुःख नाही, विचारसुद्धा नाही. अर्धी होईपर्यंत मला कळलंच नाही की मी ओढतोय. कळलं तेव्हा हातातून टाकली आणि तिच्याकडं बघत उभा राहिलो.

नेहमीचा मी असतो तर पुढचं ठरलेलं होतं. मोडलंच आहे, आता पाकीट घ्या. टपरीवाल्यानं आणखी काय म्हणून भुवई उडवली. पण मला त्या वेळी पाकिटापेक्षा एका गोष्टीची जास्त ओढ लागली होती. आत्ताच का? सुरुवातीचे दिवस खेकसण्यात गेले, तेव्हा नाही ओढली. गिऱ्हाईक भांडून गेलं, तेव्हा नाही. आज, इतक्या चांगल्या दिवशी का?

बसमध्ये मी खिडकीशी बसून मागच्या सगळ्या वेळा आठवत गेलो. देवासमोरची शपथ कधी मोडली? दसऱ्याच्या मिरवणुकीसाठीचा शेवटचा गणवेश गिऱ्हाइकाच्या हातात दिला, दुकानाचं शटर ओढलं, तेव्हा. वेलदोड्यांच्या वेळी? वडील दवाखान्यातून बरे होऊन घरी आले, त्यांना पलंगावर निजवून मी बाहेर आलो, तेव्हा. लग्नाच्या वेळी वरात गेल्यावर, भांडी मोजून दिल्यावर. मी जन्मभर सांगत आलो की टेन्शन आलं की मला सिगारेट लागते. साफ खोटं. टेन्शनमध्ये मी एकदाही पडलो नव्हतो. सगळं नीट पार पडलं, जीव भांड्यात पडला, की त्याच क्षणी मी जाऊन ओढत होतो. मी पहारा देत होतो पुढच्या दाराला आणि ती येत होती मागच्या दारानं. बसमध्ये मला हसूच आलं. शेजारी बायको बसली होती, तिला मी तिथंच सगळं सांगितलं, सिगारेटसकट.

तिनं माझी उजवी बाही नाकाला लावली. मग म्हणाली, "शर्ट काढा घरी गेल्यावर."

दुसऱ्या दिवशी धुऊन वाळवून तिनं त्यावर इस्त्री फिरवली. मी समोर बसलो होतो. उजव्या बाहीच्या कफवर इस्त्री आली आणि वास आला. या वेळी मलाही आला. खिशापाशीही थोडा आला. नवीन शर्ट शिवायचा तर तो मऊ व्हायला आता महिने कुठं होते?

"संपलं," मी म्हणालो. "गेला हा शर्ट."

"का? कापडाला एक डाग असला तर तुम्ही अख्खं ठाण फेकता?" बायको म्हणाली. तिनं शर्ट कापायच्या टेबलावर पालथा पसरला आणि पाठीवर इस्त्री फिरवली. वाफ उठली. कसलाच वास नव्हता, नुसता धुतलेल्या सुताचा. "झबल्याला किती कापड लागतं? मी सांगू का तुम्हाला?"

मी झबल्याचा कागदी नमुना काढून पाठीवर ठेवला. आख्खं झबलं पाठीतच बसत होतं, वर दोन बोटं कापड उरत होतं. डाग चुकवून कापायचं, हे मला वडिलांनी मशीनवर बसवायच्या आधी शिकवलं होतं. दुसऱ्यांच्या कापडावर मी ते रोज करत होतो. मग मी कात्री घेतली, शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपरापाशी कापून टाकल्या, खिसा उसवला आणि हाफ बाह्यांचा, बिनखिशाचा तो शर्ट पुन्हा अंगात घातला. लोकांनी विचारलं, मास्टर, हे काय? ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी खरं सांगत गेलो.

त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला. तिलाही सांगितलं, शर्टापासून बसस्टँडपर्यंत.

"अर्धी?" तिनं विचारलं.

"अर्धी."

"आणि मग पाकीट?"

"नाही घेतलं."

मग ती म्हणाली, "आतापर्यंत सोडली म्हणून सांगायला फोन करत होता. ओढली म्हणून पहिल्यांदाच केलात, अल्वा, हो ना?" आणि फोन ठेवता ठेवता, "नववा लागला की येते. आईला सांगा, माझी खोली पुसून ठेव."

ती आली. त्या दिवसापासून आनंदाच्या प्रत्येक गोष्टीला मी घाबरून असायचो. तिला आवडलेली भाजी झाली, सावध. डॉक्टरांनी सगळं नीट आहे म्हटलं, सावध. बायको म्हणायची, असा चेहरा करून बसलात तर पोर परत जाईल. झबलं मी शिवलं, शिलाई बाहेर ठेवून, बंद लावून. उरलेल्या शर्टाचं बायकोनं फडकं केलं.

दवाखान्यात तिला मुलगी झाली, सकाळी, दहाच्या सुमाराला. दोघी सुखरूप. नर्सनं बाळाला पुसून, झबलं घालून बाहेर आणलं. बायकोनं आधी घेतलं, मग मुलीच्या खोलीत नेऊन माझ्या हातात दिलं. ते कापड मी इतके महिने अंगावर वागवलं होतं, पण त्याच्या आत काहीतरी हलतंय, गरम आहे, हे हाताला कळलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अन् त्याच क्षणी, इतक्या महिन्यांत आली नव्हती एवढी मोठी तलफ आली. आधी बोटांत, मग घशात. समोर खिडकी होती, खिडकीखाली रस्ता, रस्त्यापलीकडं एक पेट्टी अंगडी. हे असंच होणार हे मला माहीत होतं, तरी मी थक्क झालो. नातीला हातात घेऊन माणसाला हे आठवतं? मला माझीच इतकी शरम वाटली की बाळाला बायकोकडं देऊन 'जरा चहा घेऊन येतो' म्हणावं असं वाटलं.

ते न म्हणता मी मुलीजवळ गेलो. ती डोळे मिटून पडली होती, केस घामानं चिकटलेले. मी हळूच सांगितलं, "मला आत्ता ओढावीशी वाटतेय गं. फार."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातांकडं पाहिलं.

"मग तलफ जाईपर्यंत हिला खाली ठेवू नका," ती म्हणाली.

मी ठेवली नाही. खिडकीकडं पाठ केली आणि तसाच उभा राहिलो. थोड्या वेळानं नर्स बाळाला दूध पाजण्यासाठी घ्यायला आली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. मुलीनं पडल्या पडल्या हात आडवा धरला आणि तिला कन्नडात म्हणाली, "थोडं थांबा सिस्टर. अप्पांचं अजून व्हायचंय."